देशात भरलेली की देशाची? ठाण्यातल्या एका मिनिएचर स्पर्धेचं प्रकरण

छोटे पुतळे रंगवायच्या आमच्या स्पर्धेच्या बॅनरवर ‘अखिल भारतीय’ हे शब्द कुणी घातले, हे आता कुणी कबूल करत नाही. पहिल्या वर्षी पुण्याहून तिघं आणि बेंगळुरूहून एक जण आला होता, तेवढ्या भांडवलावर आम्ही अखिल भारतीय झालो. दोन जिल्हे ओलांडले की अखिल भारतीय व्हायची आपल्याकडे रीतच आहे. कॅरम घ्या, एकांकिका घ्या, पाककृती घ्या. तिसऱ्या वर्षी याच दोन शब्दांवरून आमची पाच जणांची समिती दोन महिने भांडली. मी त्या समितीत होतो आणि त्या दोन महिन्यांत माझं मत एकदा पार उलटं झालं, हे आधीच सांगून टाकतो.

प्रकार काय, ते आधी. हॉलच्या अर्जात मी ‘लघुचित्र स्पर्धा’ लिहिलं, तर खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “राजस्थानी का मुघल?” आमच्या मिनी म्हणजे ती लघुचित्रं नव्हेत. दिवाळीच्या किल्ल्यावर आपण जी चित्रं मांडायचो, कुंभाराकडून आणलेला मावळा, डोक्यावर हंडा घेतलेली गवळण, ज्याची एक मिशी हमखास गालावर गेलेली असायची तो पहारेकरी, त्यांची ही नातवंडं. रेझिनची किंवा प्लॅस्टिकची, उंची २८ ते ३२ मिलिमीटर. एवढ्याशा पुतळ्याचा डोळा अर्धा मिलिमीटरही नसतो आणि त्यात पांढरं, बुबुळ आणि जमलं तर चमकेचा ठिपका घालायचा असतो. ज्यांना एवढं बारीक झेपत नाही ते ७५ मिलिमीटरचे किंवा एकदशांश मापाचे अर्धपुतळे रंगवतात. त्यात सोपं काही नसतं, फक्त चष्म्याचा नंबर थोडा सावकाश वाढतो.

हे सगळं इथे रंगवायचं म्हणजे काय, ते बाहेरच्याला चटकन कळत नाही. जुलैत ठाण्यात गॅलरीत उभं राहून स्प्रेनं प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर, मारला की पुतळ्यावर पिठूळ थर बसतो आणि खालची सगळी नक्षी बुजते. एप्रिलमध्ये उलट: पंख्याखाली बसलात तर पॅलेटवरचा थेंब ब्रश पोचेपर्यंत वाळतो. म्हणून सगळे वेट पॅलेट वापरतात, म्हणजे जेवणाचा चपटा डबा, त्यात ओला स्पंज आणि वर बेकिंग पेपर. सामानाची तऱ्हा तर विचारूच नका. हे पुतळे कस्टम्सच्या लेखी खेळण्यांत मोडतात आणि खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० साली २० टक्क्यांवरून ६० वर गेली, २०२३ साली ७० वर. त्यामुळे आमच्यातले बरेच जण पुतळ्याची फाइल विकत घेतात आणि वागळे इस्टेटमधल्या एका गाळ्यात थ्रीडी प्रिंट काढून आणतात. रंग ज्याला परवडतात त्याचे व्हॅयेहो. ज्याला नाही, तो कॅमलच्या अॅक्रिलिकमध्ये पाणी आणि मीडियम घालत दहा थर देतो. व्हॅयेहोला सगळे ‘स्पॅनिश रंग’ म्हणतात, पण ती कंपनी १९६५ साली न्यू जर्सीत सुरू झाली आणि १९६९ मध्ये स्पेनला गेली. रंग स्वतःच परदेशातून आलेला, हा विनोद आमच्या भांडणात निदान चार वेळा झाला.

तर, नोव्हेंबरच्या एकाच आठवड्यात दोन अर्ज आले.

पहिला एका स्पॅनिश इंजिनिअरचा. ऐरोलीतल्या एका कंपनीत कामाला, राहायला तिथेच, येऊन दोन वर्षं झालेली. आमच्या रविवारच्या बैठकीला ट्रान्स हार्बर लोकल पकडून नियमानं यायचा. मराठी त्याला ‘कटिंग’ आणि ‘पुढचं स्टेशन’ एवढंच यायचं, पण ब्रश हातात घेतला की बोलायची गरज पडत नसे. स्पेन म्हणजे या छंदाचं माहेरघर म्हणावं असा देश. तो उतरला तर पहिला नंबर कोणाचा, हे अर्ज वाचतानाच सगळ्यांना कळलं होतं.

दुसरा अर्ज डोंबिवलीच्या एका मुलाचा. मुलगा चार वर्षांपासून जर्मनीत नोकरीला आहे, पासपोर्ट भारतीय. तिथेच रंगवलेला ७५ मिलिमीटरचा मावळा तो कुरिअरनं पाठवणार होता. विषय आपला, माणूस आपला, आडनाव तर समितीतल्या दोघांच्या नात्यातलं निघण्याइतकं आपलं.

समितीचा पहिला मसुदा एका ओळीचा होता: स्पर्धक भारतीय नागरिक असावा. तो मीच लिहिला होता. माझ्या डोक्यात खेळांचा नियम होता. भारताकडून खेळायचं तर भारतीय पासपोर्ट हवा, असं केंद्राच्या क्रीडा खात्यानं २००८ च्या डिसेंबरमध्ये ठरवलं आणि परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीय वंशाच्या खेळाडूंचा रस्ता बंद झाला. मला वाटलं, सरकारनं एवढा विचार करून ठरवलंय, आपण वेगळं काय करणार? यात चूक काय होती ते मला नंतर कळलं. तो नियम देशातर्फे बाहेर कोणी जायचं याचा आहे. आमच्याकडून कोणी कुठे जात नव्हतं. तलावपाळीपासून दहा मिनिटांवरच्या एका हॉलमध्ये टेबलं मांडून पुतळे ठेवायचे होते.

माझ्या मसुद्याला पहिला सुरुंग काकांनी लावला. काका म्हणजे आमचे खजिनदार, बँकेतून निवृत्त झालेले आणि मिनीपेक्षा बुद्धिबळात जास्त रमणारे. ते म्हणाले, “अहो, आपल्याला असंच बाहेर काढलं होतं, विसरलात?”

गोष्ट खरी आहे. ब्रिटिश बुद्धिबळ अजिंक्यपद स्पर्धा कित्येक वर्षं राष्ट्रकुलातल्या खेळाडूंना खुली होती. अखंड हिंदुस्थानातल्या पंजाबातून गेलेल्या मीर सुलतान खानानं ती १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा जिंकली. पुढे २००२ साली आर. बी. रमेश जिंकले आणि २००३ साली आपल्या पुण्याचे अभिजित कुंटे. लागोपाठ दोन वर्षं ब्रिटनचा अजिंक्यवीर भारतीय. २००४ पासून राष्ट्रकुलाचं दार बंद झालं.

काकांना यातून सिद्ध करायचं होतं की ब्रिटिश रडीचा डाव खेळले आणि आपण तसं करू नये. पण समितीतली आमची सर्वांत तरुण सभासद, कळव्याची, कॉलेजात शिकणारी, शांतपणे म्हणाली, “काका, पण ती त्यांचीच स्पर्धा होती ना? त्यांचा चॅम्पियन कोण, हे त्यांनी कधी ठरवायचं?”

त्यावर मिसळ येईपर्यंत कोणी बोललं नाही.

काकांनीच मग दुसरं टोक पुढे केलं. मिनी रंगवणाऱ्यांच्या जगात जुनं आणि वजनदार नाव गोल्डन डीमन. गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीनं १९८७ साली ही स्पर्धा सुरू केली. सर्वोत्तम ठरलेल्याला स्लेयर सोर्ड मिळते, खरीखुरी मोठी तलवार. पुढे ब्रिटनबरोबर फ्रान्स, जर्मनी, स्पेन, इटली, अमेरिका अशी देशोदेशी ती भरू लागली आणि चांगले पेंटर डबा उचलून शेजारच्या देशात जाऊ लागले. एका देशातल्या स्पर्धेत दुसऱ्या देशाचा माणूस बक्षीस घेऊन जातो, म्हणून तिथेही कुरकुर झालीच. पण गोल्डन डीमन ही कंपनीची स्पर्धा आहे. तिथे पुतळाही त्यांच्याच कंपनीचा लागतो. जर्मनीत भरली म्हणून ती जर्मनीची होत नाही. ब्रिटिश बुद्धिबळ मात्र ब्रिटनचंच होतं, निदान नाव तरी तसंच होतं.

इथे मला आमचं भांडण पहिल्यांदा नीट दिसलं. एक असते देशात भरलेली स्पर्धा आणि एक असते देशाची स्पर्धा. पहिलीत कोणीही यावं, जितके लांबून येतील तितकं बरं. दुसरीचं काम वेगळं: इथे कोण काय करतंय आणि त्यात सर्वांत पुढे कोण आहे, हे सांगणं. आम्ही बॅनरवर ‘अखिल भारतीय’ लिहिलं तेव्हा यातलं कुठलं म्हणतोय याचा विचारच केला नव्हता. बुद्धिबळवाल्यांनी तो १९२९ पासून केला नाही आणि नंतर ७५ वर्षांनी एकदम केला.

बैठकीत जे मुद्दे आले त्यातले दोन मला टाकाऊ वाटतात आणि तेच सर्वांत जोरात मांडले गेले.

एक म्हणजे, चांगल्यांबरोबर स्पर्धा केल्यानं दर्जा वाढतो. अर्धंच खरं आहे. सोळा वर्षांच्या मुलानं परीक्षा सांभाळून वीस तास दिलेला पुतळा आणि दीडशे तासांचा पुतळा शेजारी ठेवले, तर मुलगा शिकतो ते तो दुसरा पुतळा चार इंचांवरून बघून. त्याच्याकडून हरल्यामुळे वेगळं काही शिकत नाही. बघायला मिळणं आणि हरवलं जाणं या दोन गोष्टी आहेत, आणि पहिलीसाठी दुसरीची अट नाही.

दुसरा मुद्दा: तो स्पॅनिश माणूस फार चांगला आहे, सुट्टीवरून येताना सगळ्यांसाठी ब्रश आणतो, पोरांना ग्लेझिंग, म्हणजे पातळ रंगाचे थरांवर थर देणं, शिकवतो, त्याला नाही कसं म्हणायचं? माणूस चांगला आहेच, पण माणसाच्या स्वभावावर नियम बांधला की पुढच्या वर्षी खडूस परदेशी आल्यावर काय करणार? डोंबिवलीच्या मुलाच्या बाबतीत हेच आतून चाललं होतं, फक्त कोणी बोलत नव्हतं. तो ‘आपला’ होता.

मग मी एक साधी गोष्ट केली. माझ्या एका ओळीच्या नियमानं दोघांचं काय होतं ते कागदावर मांडलं. ऐरोलीचा माणूस बाहेर, जर्मनीतला आत. आता ऐरोलीचा माणूस कुठे रंगवतो? आमच्याच दमट हवेत, आमच्याच व्होल्टेजवर, त्याच गाळ्यातनं काढलेल्या प्रिंटवर. मागवलेल्या रंगाला तीच ड्युटी भरतो आणि पार्सल अडकलं की आमच्यासारखाच फोन लावत बसतो. त्याचं काम बघून इथली दहा मुलं ब्रश कसा धरायचा ते शिकलीत. दुसरा मुलगा गुणी आहे, पण त्याचं दुकान, त्याची हवा, त्याच्या शनिवारच्या बैठका, त्याला टोकणारे मित्र, सगळं तिकडचं. इथे कोण काय रंगवतंय असं विचारलं तर उत्तरात कोणाचं नाव येईल?

पासपोर्टनं चुकीचा माणूस आत येत होता आणि बरोबर माणूस बाहेर जात होता. मी माझा मसुदा मागे घेतला. काकांना त्यांचा विजय झाल्यासारखं वाटलं, तो तसा नव्हता, पण वर्गणीचा हिशोब त्यांच्याकडे असल्यानं मी बोललो नाही.

नवा नियम तीन विरुद्ध दोन मतांनी झाला. किताबासाठी स्पर्धक मागचे बारा महिने भारतात राहत असला पाहिजे आणि पुतळा इथेच रंगवलेला हवा. अर्धवट कामाचे तीन फोटो द्यायचे. नागरिकत्व विचारायचं नाही. बाकी जगातल्या कोणीही खुल्या टेबलावर पुतळा ठेवावा. पदकं दोन्हीकडे सारखीच, आणि ती कोणाशी तुलना करून नव्हे तर दर्जा पाहून. ही पद्धत आमची नाही. शिकागोकडच्या मिलिटरी मिनिएचर सोसायटी ऑफ इलिनॉयनं ती रुजवली: पहिला-दुसरा-तिसरा असं न करता प्रत्येक कामाला सुवर्ण, रौप्य, कांस्य किंवा काहीच नाही. दहा जण सुवर्णाच्या लायकीचे असले तर दहा सुवर्णं. त्यामुळे परदेशी माणूस आला म्हणून कोणाचं पदक जात नाही. एकच गोष्ट एकट्याची उरते, प्रदर्शनातला सर्वोत्तम, आणि किताब तोच.

विरोधातली दोन मतं फालतू नव्हती. त्यातला एक म्हणाला, बारा महिन्यांचा पुरावा काय, भाडेकरार मागणार? दुसऱ्याचं म्हणणं, कंपनीनं पाठवलेला माणूस आज आहे उद्या नाही. नाशिकचा किंवा सांगलीचा पोरगा इथेच राहणार आहे, त्याच्या नावावर एक किताब असणं त्याला जन्मभर पुरेल. याला माझ्याकडे आजही चोख उत्तर नाही. एवढंच म्हणालो की तो पोरगा उद्या पुण्याला, परवा सिंगापूरला जाईल, आपण कोणाच्या पुढच्या पत्त्यावर आज निकाल लावू शकत नाही.

जानेवारीतल्या त्या रविवारी ६३ पुतळे आले. परीक्षक तिघं, त्यात एक पेणचे मूर्तिकार. त्यांना आणायचा हट्ट माझा. गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारा हात वेगळा असतो, आणि ज्यानं आयुष्यभर डोळे आखले त्याला बत्तीस मिलिमीटरचा डोळा समजावून सांगावा लागत नाही. सगळे त्यांना मामा म्हणतात. मामांनी स्वतःचं भिंग आणलं होतं, घड्याळजीचं, डोळ्याला लावायचं.

स्पॅनिश माणसाचा पुतळा एक बुटका योद्धा होता, खांद्यावर कुऱ्हाड, पाय घोट्यापर्यंत चिखलात. कुऱ्हाडीचं पातं धातूच्या रंगानं रंगवलेलं नव्हतं. काळपट निळा, राखाडी आणि कडेला पांढरा अशा साध्या रंगांत चकाकी ‘काढलेली’ होती. मामा त्या पात्याभोवती बराच वेळ भिंग फिरवत राहिले. “पावडर नाही वापरली,” ते स्वतःशीच म्हणाले. गणपतीचे दागिने सोनेरी रंगात करणाऱ्या माणसाला ते थोडं उद्धट वाटलं असावं. मग ते खाली चिखलावर आले आणि तिथे थांबले. वर कोरडा, भेगाळलेला, फिक्का राखाडी. त्याखाली हिरवट काळा. पायाशी, जिथे पाणी नुकतं ओसरलंय, तिथे तेलकट चमक. म्हणजे वर मॅट वार्निश आणि खाली बोटभर जागेत ग्लॉस.

“हा कुठला चिखल?” मामांनी मला विचारलं. परीक्षकाला काही सांगायचं नसतं, म्हणून मी गप्प.

“खाडीचा आहे,” ते म्हणाले. “ओहोटीचा. आमच्या खारेपाटात असाच असतो.”

नंतर चहाच्या वेळी मी त्या माणसाला विचारलं. तो रोज सकाळी ऐरोलीला खाडीकाठी फिरायला जायचा, फ्लेमिंगो बघायला. फ्लेमिंगो रंगवायला जमले नाहीत, म्हणून चिखल रंगवला, असं म्हणाला.

आता कोणाला वाटेल मी हे नियमाच्या समर्थनार्थ सांगतोय. थोडं सांगतोयच. पण खाडीचा चिखल फोटो पाहून माद्रिदमध्येही रंगवता येतो, त्यामुळे पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य.

सर्वोत्तम तोच ठरला, तिन्ही परीक्षकांचं एकमत. टाळ्या पडल्या, जरा हात राखून. मागच्या रांगेतून एक आवाज आला, “अखिल भारतीय, हो ना?” आणि काही जण हसले. कळव्याच्या मुलीनं स्पर्धेपुरती समिती सोडली होती. तिच्या कोळणीच्या अर्धपुतळ्याला सुवर्ण मिळालं आणि किताब अगदी थोडक्यात हुकला. ती त्या कुऱ्हाडीजवळ गेली आणि किती थर आहेत ते त्याला बोटांवर मोजायला लावू लागली. सोळा झाल्यावर त्यानं हात खाली केले.

मला त्या दिवसातलं सर्वांत जड गेलं ते वेगळंच. डोंबिवलीच्या मुलानं नियम वाचून रागानं कुरिअर रद्द केलं होतं. पण डिसेंबरात तो घरी येऊन गेला तेव्हा पुतळा बरोबर होता, आणि स्पर्धेच्या सकाळी त्याची आई एकटीच हॉलवर आली. स्टीलच्या डब्यात थर्माकोल कापून खाच केलेली, त्यात मावळा. लोकलच्या गर्दीतून तो डबा तिनं छातीशी धरून आणला होता. खुल्या टेबलावर तिनंच मांडला आणि भाल्याचं टोक शाबूत आहे ना ते तीनदा पाहिलं. पदक सुवर्ण मिळालं, रास्तच होतं. मावळ्याच्या मुंडाशाची घडी अन् घडी मोजता येत होती.

निकालानंतर ती माझ्याकडे आली. “पण याला नंबर का नाही?”

“काकू, खुल्या टेबलाला किताब नाही. तो तिकडे राहतो म्हणून.”

“आणि तो गोरा?”

“तो इथे राहतो.”

तिनं माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. “माझा मुलगा मोठा डोंबिवलीत झाला,” ती म्हणाली, “किल्ल्यावरची चित्रं रंगवत. हे तिकडे नाही शिकला तो.”

मी म्हणालो, बरोबर आहे. दुसरं काय म्हणणार? आमच्या नियमात बारा महिने मोजले होते, त्याआधीची वीस वर्षं मोजली नव्हती. तिनं पदक पुतळ्याशेजारच्या खाचेत बसवलं, झाकण लावलं आणि साडेपाचची गाडी गाठायला निघाली.

या प्रकरणाचा शेवट अजून झालेला नाही. ऑगस्टमध्ये त्या स्पॅनिश माणसाची बदली झाली, तो परत गेला. मागच्या आठवड्यात त्याची मेल आली. येत्या जानेवारीसाठी एक पुतळा आहे. चेहरा, कपडे आणि ढाल ऐरोलीत रंगवून झालेली, घोडा तिकडे गेल्यावर रंगवतोय. अर्धवट कामाचे तीन फोटो जोडलेत, तिन्ही ऐरोलीतल्या खिडकीसमोरचे. विचारलंय, कुठल्या टेबलावर ठेवू?

काकांचं म्हणणं, घोडा झाकून किताबाच्या टेबलावर ठेवा. रविवारी बैठक आहे.